रॅम भरलेली दिसतेय म्हणून कॅश उडवू नका

नागपुरात मे महिन्यात लिनक्स सर्व्हर रांगायला लागला की पहिला संशय एसीवर जातो. आमचाही गेला. एसीवाला आला, गॅस भरून गेला, तरी दर तासाच्या ठोक्याला डेटाबेस मरगळायचाच. शेवटी क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) उघडला. तासातासाला 'ड्रॉप कॅशेस'मध्ये, म्हणजे कॅश रिकामी करायला लावणाऱ्या कर्नलच्या फाइलमध्ये, ३ लिहिणारी ओळ तिथे बसलेली. कोणीतरी रॅमचा हिशेब दाखवणारी 'फ्री' कमांड चालवली होती आणि "बाप्पा, रॅम तर सारी भरली!" म्हणत ती टाकून दिली होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिनक्स रॅम उगाच मोकळी ठेवत नाही. वाचलेल्या फाइली रॅममधल्याच पेज कॅशमध्ये धरून ठेवतो. प्रोग्रामला जागा लागली की न बदललेली पेजेस तो तिथल्या तिथे सोडून देतो, कारण त्यांची प्रत डिस्कवर असतेच. ३ लिहिलं की पेज कॅशसोबत फाइलींच्या नावांची आणि आयनोडची (फाइलींच्या माहितीच्या नोंदींची) कॅशही जाते, आणि सगळं पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं. इतवारीतल्या दुकानदाराने फडताळ मोकळं दिसावं म्हणून दर तासाला माल गोदामात नेऊन टाकावा, तसलाच प्रकार. 'फ्री'चा रकाना सोडा, 'अव्हेलेबल' बघा, म्हणजे प्रोग्रामना खरोखर किती रॅम मिळू शकेल तो अंदाज. २०१४ च्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून हा अंदाज कर्नल स्वतःच देतो. कॅश उडवण्याचा मला पटणारा उपयोग एकच: थंड, म्हणजे रिकाम्या, कॅशवर किती वेळ लागतो ते मोजणं. तेव्हाही आधी 'सिंक' चालवा, कारण डर्टी पेजेस (बदललेली, पण अजून डिस्कवर न लिहिलेली) 'ड्रॉप कॅशेस'ने सुटत नाहीत.

दुसरी खोड स्वॅपीनेस (रॅममधलं डिस्कवरच्या 'स्वॅप' जागेत किती सहज हलवायचं, ती सेटिंग) ० करण्याची. मूळ आकडा ६०. ० केल्याने स्वॅप बंद होत नाही, पण कर्नल अगदी गळ्याशी येईपर्यंत तिकडे वळत नाही. तोवर फाइल कॅश आक्रसते, आणि कधी ओओएम किलर (रॅम संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) नेमका डेटाबेसच उचलतो. स्वॅपमध्ये थोडं काही पडलेलं दिसलं तर 'व्हीएमस्टॅट १' लावून 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) बघा. तिथे शून्यं असतील तर पडलेलं पडू द्या.

'व्हीएफएस कॅश प्रेशर' (फाइलनावं-आयनोडची कॅश किती लवकर सोडायची, ती सेटिंग) ० वर नेऊच नका.

कोडमधली चूक वेगळी, आणि तिथली कॅश रॅममधली नाही, प्रोसेसरची. दोन थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) ८-८ बाइटचे काउंटर शेजारी ठेवले की ते बहुधा एकाच कॅश लाइनमध्ये, म्हणजे प्रोसेसर एकदम उचलतो त्या तुकड्यात, येतात. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर ती ६४ बाइटची. एका कोअरने लिहिलं की दुसऱ्याकडची लाइन बाद. थ्रेड वाढवले आणि काम उलट मंदावलं, तर याचा संशय घ्या. काउंटर ६४ च्या सीमेवर वेगळे करा, पण सरसकट सगळ्या स्ट्रक्चरना नको. रिकाम्या बाइटनीही कॅश भरते. कोणत्या लाइनवरून ओढाताण चाललीय ते 'पर्फ सी२सी' दाखवतं.