तीन शब्द मिळाले आणि वात्रटिका अडली? या चुका टाळा

कवींच्या गटात कुणीतरी सकाळी तीन शब्द टाकतं आणि रात्रीपर्यंत प्रत्येकाने त्यांतून चार-आठ ओळी रचायच्या, हा खेळ आता गावोगावी चालतो. खेळ नवा नाही. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांमध्ये काव्यसमस्यापूरण, म्हणजे दिलेल्या चरणावरून (समस्येवरून) श्लोक पुरा करणं, आहे. आपल्या मोरोपंतांनी तर ओठांना ओठ लागणार नाहीत अशा अक्षरांचं निरोष्ठ रामायण रचलं. बंधन घालून घ्यायचं आणि त्यातच मोकळं खेळायचं, ही आपल्याकडची जुनी हौस आहे. म्हणूनच आलेल्या शब्दांची नुसती हजेरी लावून कविता पाठवून दिलेली पाहिली की वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक तीच. समजा शब्द आले छत्री, टाचणी आणि आमसूल. बरेचदा उत्तर असं येतं:

छत्री होती एक काळी
टाचणी ती तीक्ष्ण भारी
आमसूल आंबट ते
गंमत ही किती न्यारी

आठ-आठ अक्षरं बरोबर आहेत, यमकही जुळलंय. पण छत्रीचा टाचणीशी संबंध काय? टाचणी काढून तिथे ‘कातरी’ ठेवली तरी काही बिघडत नाही. हीच परीक्षा करावी: दिलेला शब्द बदलून पाहायचा. कविता तशीच उभी राहिली तर तो शब्द अजून कवितेत आलेलाच नाही.

यावर उपाय एकच, लिहायला बसण्याआधी शब्दांना कामं वाटून द्यायची. यमक नंतर, आधी प्रश्न: ही तिन्ही वस्तू एकाच घरात, एकाच वेळी कुणाला लागतील? छत्री फाटली असेल तर टाचणी लागेल. भोक बुजवायला हाताशी काही नसेल तर चिकट आमसूल. असं करणारा माणूस चिक्कूच असणार. आणि पाऊस आला की आमसुलाचा रंग सुटणार! आता गोष्ट आपोआप पुढे जाते:

काकांच्या जुन्या छत्रीला
टाचण्यांचाच आधार,
भोक पडेल त्या जागी
आमसूल बसणार!

पहिल्याच पावसात
रंगली धोतरे सारी,
काकू म्हणे, वाटी धरा,
सोलकढी आली दारी!

नारळाच्या दुधाशिवाय सोलकढी होत नाही हे काकूंना चांगलं ठाऊक आहे. पण वात्रटिकेत एवढी अतिशयोक्ती शोभते, किंबहुना हवीच. मूळ शब्दांना इथे प्रत्यय लागले आहेत: छत्रीला, टाचण्यांचाच. ते चालतं की शब्द जसाच्या तसा हवा, हे गटाने आधीच ठरवून ठेवावं. निम्मे वाद त्यावरूनच होतात.

भोज राजाच्या दरबाराशी जोडून सांगितली जाणारी ‘ठठं ठठं ठं’ची समस्या या बाबतीत आजही आदर्श वाटते. दिलेल्या चरणाला अर्थच नव्हता, नुसता आवाज होता. कवीने काय केलं? रामाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला, त्याचा हा आवाज! निरर्थक अक्षरांना कवीने कारण मिळवून दिलं. तिथे दुसरा कुठलाही चरण आता बसणार नाही.

भरतीचे शब्द ही दुसरी खोड. वरच्या पहिल्या नमुन्यातले ‘ती’, ‘ते’, ‘भारी’ पाहा. अक्षर कमी पडलं की हो, गं, बरे, ते कामाला लागतात. आठ अक्षरांच्या ओळीत दोन अक्षरं वाया गेली म्हणजे पाव ओळ गेली. ओळ भरत नसेल तर बहुधा त्या ओळीत सांगण्यासारखं काही घडत नसतं. तेव्हा शब्द न शोधता घटना शोधावी.

अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं हे बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा होतो तो परभाषेतून आलेल्या शब्दांत. ‘स्टेपलर’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना तीनच ऐकू येतात. म्हणून कागदावर मोजून झालं तरी ओळ मोठ्याने म्हणावी. जीभ अडखळली की शब्द ओळीत दुसरीकडे हलवावा. आणि भुजंगप्रयातासारखं अक्षरगणवृत्त, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा क्रम ठरलेलं वृत्त, घेतलं असेल तर ‘हुशार’चं ‘हूशार’ करून वृत्त सांभाळू नये. हलक्याफुलक्या कवितेत ओढाताण लगेच दिसते. गंभीर कवितेत भाव थोडंफार झाकून नेतो, इथे झाकायला काही नसतं.

यमकाबद्दल एवढंच: ‘आला’ला ‘गेला’ जोडणं हे आळशी यमक. आधीचा स्वरही जुळू द्या, ‘आला’ला ‘झाला’, ‘न्हाला’, ‘प्याला’ आहेत. दिलेला शब्द ओळीच्या शेवटी आलाच पाहिजे असा काही नियम नाही. आमसूलला फूल, मूल, चूल, हूल सापडतात. हेलिकॉप्टरला काय सापडणार? तो ओळीच्या मध्ये बसवा.

शेवटच्या ओळीनंतर खुलासा जोडू नका. सोलकढी दारी आल्यावर ‘अशी झाली काकांची फजिती’ म्हटलं की हसू विरतं. गटातल्याच कुणाच्या अंगकाठीवर, बायकोवर, जातीवर कोटी करून टाळ्या मिळवणं तर साफ टाळावं. त्यात शब्दांचं कौशल्य नसतं, आणि ज्याच्यावर कोटी होते तो पुढच्या वेळी लिहीत नाही.

काही वेळा दोष लिहिणाऱ्याचा नसतोच, शब्द देणाऱ्याचा असतो. चांदणं, आठवण, पाऊस असे तिन्ही शब्द कवितेतूनच उचलून दिले तर सगळ्यांकडून एकच विरहगीत येणार. तिन्ही स्वयंपाकघरातले दिले तर पाककृती येणार. एक शब्द घरातला, एक कचेरीतला किंवा रस्त्यावरचा आणि एक आभाळातला असा द्यावा. किसणी, पोस्टमन, चांदणं. आता पोस्टमन चांदण्यात किसणी घेऊन का निघालाय, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल.