मिक्सरची मोटर घरीच खोलून, साफ करून परत कशी बसवायची

इंदूरात पावसाळ्यात भुट्ट्याचा किस घरोघरी होतो, आणि आता किसणीवर कोण बसतं, दाणे काढले की सरळ मिक्सरमधे. त्याच दिवसांत मिक्सर वास मारायला लागतो, ठिणग्या दिसतात, आणि घरचे म्हणतात मोटर जळली, नवीन घ्या. थांबा जरा. बर्‍याचदा फक्त कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, झिजणारे दोन ठोकळे) संपलेले असतात किंवा कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात) घाण झालेला असतो, आणि हे काम घरी होतं.

आधी बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण (लोड जास्त झाला की आपोआप उडतं ते) दाबून बघा. नाहीच चाललं तर प्लग काढून मगच पेचकस (स्क्रूड्रायव्हर) हातात घ्या, नुसतं स्विच बंद करणं पुरत नाही. खालचं झाकण काढलं की शाफ्टच्या (मोटरच्या दांड्याच्या) टोकाला बहुतेक वेळा खाच असते, तिथे पेचकस लावून शाफ्ट धरायचा आणि वरचा कपलर (जार ज्यावर अडकतो ते चाक) मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवायचा, मग तो सुटतो. उलटं वाटतं ना, पण चालताना लोड त्याला आवळतच असतो म्हणून आटे तसे ठेवलेले असतात. प्रत्येक स्टेपला मोबाईलने फोटो काढा, वायरींचे रंग आणि शाफ्टवरचे बारके वायसर कुठल्या क्रमाने होते ते खास करून.

कार्बन ५-६ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर बदला, जोडीनेच बदला, आणि जुना नमुना बरोबर घेऊन इंदूरच्या महाराणी रोडला, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, जा कारण अर्धा मिलिमीटर जाड असला तरी होल्डरमधे अडकतो आणि मग स्प्रिंग कितीही चांगली असू दे, कार्बन खाली सरकतच नाही. जुनेच घालणार असाल तर ज्या बाजूचा त्याच बाजूला, तोंडही तसंच, कारण तो गोलाईप्रमाणे झिजलेला असतो.

आता कम्युटेटर. इथे घाई करू नका प्लीज, सगळा खेळ इथेच आहे. तांब्याच्या पट्ट्यांवर एकसारखा चॉकलेटी थर असेल तर तो चांगला आहे, त्याला घासून चकचकीत करायचं नाही. काळे जळके डाग असतील तरच झिरो नंबरचा काचपेपर गोल धरून हलक्या हाताने फिरवा. एमरी पेपर नको, त्याची पूड करंट नेऊ शकते आणि पट्ट्यांमधे बसते. पट्ट्यांमधल्या फटीतली कार्बनची भुकटी लाकडी टूथपिकने काढा, मग सुक्या ब्रशने झटका. मल्टिमीटर असेल तर शेजारशेजारच्या पट्ट्यांचं ओहमचं रीडिंग सगळीकडे जवळपास सारखं यायला हवं, आणि पट्टी ते शाफ्ट जोडणी अजिबात दाखवायला नको. दाखवली तर आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) गेलं.

वरच्या बुशमधे (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) जारमधून गळलेलं पाणी शिरतं, तिथे गंज असेल तर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे २-३ थेंब, बास. खाण्याचं तेल चिकट होतं, ग्रीस तर नकोच, उडून कम्युटेटरवर जातं.

बसवताना वायसर त्याच क्रमाने, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मधे मधे शाफ्ट बोटाने फिरवून बघा, जड वाटला तर ढिले करून परत. कार्बनच्या दोन वायरी आपसात बदलू देऊ नका हां, मोटर उलटी फिरेल आणि कपलर आपोआप सुटून येईल.

पहिल्यांदा थेट लाइनवर नको, १०० वॉटचा पिवळा बल्ब (जुना तारेचा, LED नव्हे) सिरीजमधे, म्हणजे करंट बल्बमधून होऊन मोटरला जाईल असा, लावून चालू करा. मोटर फिरली तर ठीक. बल्ब फुल पेटला आणि मोटर जागची हललीच नाही तर कुठेतरी शॉर्ट आहे नाहीतर शाफ्ट जाम, परत खोला. मग लाइनवर रिकामी, कमी स्पीडला, थोडा थोडा वेळ चालवा म्हणजे नवे कार्बन बसतील. कार्बनखाली बारीक निळी ठिणगी चालते. पण पूर्ण कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर लगेच बंद करा, तेव्हा मात्र आर्मेचर बदलायलाच लागतं.