टीव्ही गेम उघडायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं (खारी हवा लागणाऱ्या घरांसाठी)

चतुर्थीला चाकरमानी पोरांना घेऊन गावी आले की कुणीतरी माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली काढतंच, आणि तो चालू होत नाही म्हटल्यावर लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधायला सुरुवात होते. जरा थांबा. देवगड, मालवण, वेंगुर्ला, हर्णै, जिथे समुद्राचा वारा थेट घरात शिरतो तिथे या मशीनची चिप सहसा गेलेली नसते, मीठ आणि ओल आत बसलेली असते, आणि ते नीट तयारीने साफ केलं तर गेम परत चालू व्हायची चांगली आशा असते. घाईने उघडला तर मात्र चांगला पार्टही हातचा जातो.

पहिलं म्हणजे दिवस बघून काम काढा. बाहेर धो धो पडतोय आणि भिंतींना ओल आलीय अशा वेळी बोर्ड उघडा ठेवण्यात अर्थ नाही. मशीन आणि कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या) भरपूर पुड्यांसोबत दोनतीन दिवस ठेवून द्या, जेल नसेल तर पंख्याखाली सुकवा, पण तांदळात पुरू नका, त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन बसतो, आणि कडक उन्हातही नको, प्लास्टिक पिवळं पडतं आणि वाकतं. आणि सुकेपर्यंत ‘लावून तर बघू’ म्हणून करंट देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मग अ‍ॅडॉप्टर. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलेला असतो आणि घरात राउटरचा सापडतो, पिन बसते, लोक लावून मोकळे होतात. इथेच मशीन मरतं. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला सहसा आतली पिन प्लस असते, आणि निन्टेंडोचा १९८३ चा जपानी फॅमिकॉम किंवा सेगाचा पहिला मेगा ड्राइव्ह घेतला तर त्यांना आतली पिन मायनस लागते. आपल्याकडे घरोघरी आलेले गेम बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला, त्यातही बऱ्याच जणांचं तसंच, पण नकलेचा भरवसा नाही म्हणून मशीनच्या पोटाखालचं चिन्ह वाचायचं. अमेरिकेतून कुणी एनईएस (फॅमिकॉमचाच तिकडचा अवतार) आणला असेल तर त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो (आणि तो ११० व्होल्टवर चालणारा, आपल्या प्लगात घातला तर जळणार), तो चुकूनही फॅमिकॉमला लावायचा नाही, त्याला डीसी लागतो. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर नुसता मोजला तर मीटरवर १२-१३ दिसतात, तो बिघडलेला नाही, लोड नसताना, म्हणजे मशीन जोडलेलं नसताना, तसंच दाखवतो.

म्हणजे मल्टिमीटर हवाच. साधा स्वस्तातला डिजिटल चालतो. त्याच्याशिवाय बाकी सगळी तयारी अंदाजपंचे.

सामान तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात मिळेल ते मिळेल, बाकीचं मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्केवालं, सॅनिटायझर नको कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, थिनर किंवा पेट्रोल तर अजिबात नको, प्लास्टिक खातं. एक मऊ जुना टूथब्रश, कानातले बड्स, गुळगुळीत सुती कापड, पांढरा पेन्सिलचा खोडरबर (शाई खोडायचा खरखरीत नाही). पार्ट बदलायची वेळ आली तर २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर (वितळवून जोड द्यायची तार), फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट), सोल्डर ओढून घ्यायची तांब्याची जाळी. साधा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर बहुतेक नकलांना पुरतो, पण निन्टेंडोच्या मूळ कॅसेटी बऱ्याचदा ३.८ मिलिमीटरच्या खास बिटने उघडतात, आणि सुपर निन्टेंडोसारख्या मशीनला ४.५ चा लागतो, तो आधी मागवून ठेवा, नाहीतर पक्कड लावून स्क्रूचं डोकं गोल करून ठेवाल. आपल्याकडे स्क्रू गंजलेले असणारच, त्यांच्या डोक्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब काडीने सोडून रात्रभर ठेवायचं. स्प्रे मारायचा नाही, आत उडतो.

मोबाइल चार्ज करून ठेवा, उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढायचाय, कुठली वायर कुठे होती ते नंतर कुणाला आठवत नाही. स्क्रूंसाठी दोनतीन वाट्या.

आता उघडायच्या आधीच करून घ्यायची कामं. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच आहे, ती सोडा, तोंडातली वाफ तांब्याला अजून हिरवं करते. कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या जवळून बघितल्यात की खालच्या कडेला काळपट रेघ आणि कोपऱ्यात हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल, तिथे खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, मग अल्कोहोलचा बड, बड काळा निघतो तोवर नवा घेत राहायचं. पॉलिश पेपर लावला तर सोन्याचा पातळ थर निघून जातो आणि मग तो भाग कायमचा गंजतो. स्लॉटसाठी जुनं पातळ कार्ड अल्कोहोलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून सरळ आत-बाहेर करायचं, तिरकं नाही, फॅमिकॉमच्या स्लॉटला ६० पिना असतात आणि एखादी जरी वाकली तरी स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. एवढं केलं आणि पूर्ण सुकल्यावर लावून बघितलं की बरीचशी मशीनं इथेच चालू होतात, खरंच.

नाही झालं तर लक्षण बघून ठरवा. लाइट लागतो पण स्क्रीन कोरी, तर कॅसेट आणि स्लॉट परत साफ करा. एनईएसचा लाल दिवा सेकंदासेकंदाला उघडझाप करतो तेव्हा त्याची लॉकआउट चिप (कॅसेट मूळ आहे का ते तपासणारी) कॅसेटशी बोलू शकत नसते, म्हणजे तिथेही कॉन्टॅक्टच मळके. चित्र येतंय पण काळं-पांढरं, तर मशीन एनटीएससी आणि टीव्ही पाल असणार (देशोदेशीच्या टीव्ही चित्राच्या या दोन वेगळ्या पद्धती), बिघाड नाही. चित्रात आडव्या लाटा आणि आवाजात घरघर असेल तर कपॅसिटर (बोर्डावरचे छोट्या नळकांड्यासारखे पार्ट) संशयित. आणि गेमसोबतची बंदूक फ्लॅट टीव्हीवर चालत नाही म्हणून ती खोलू नका, ती जुन्या डब्बा टीव्हीसाठीच बनलीय. त्या डब्बा टीव्हीचं मागचं झाकण मात्र कोणीही उघडू नये, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात.

लाइटच लागत नसेल तर बोर्डावर तीन पायांचा ७८०५ शोधा, अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा पार्ट, मागे पत्र्याची पट्टी असते. अक्षरं आपल्याकडे ठेवली की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मशीनला करंट देऊन मीटरची काळी प्रोब (वायरचं टोक) मधल्यावर, लाल डावीकडे: सातच्या वर व्होल्ट हवेत, नसतील तर दोष जॅक, स्विच किंवा अ‍ॅडॉप्टरचा. उजवीकडे ४.८ ते ५.२ हवेत. आत नीट येतायत आणि बाहेर नाही, तर ७८०५ बदला, काही रुपयांची गोष्ट आहे, म्हणून दोन आधीच आणून ठेवा. फक्त प्रोब दोन पायांवर एकदम टेकू देऊ नका. कपॅसिटर बदलायचे तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले, आणि अंगावरची पट्टी मायनसची बाजू दाखवते ती उलटी पडू देऊ नका.

स्वस्त नकलांमध्ये बोर्डाच्या मध्ये डांबरासारखा काळा गोळा असतो, सगळी चिप त्याच्याखाली. पाच व्होल्ट बरोबर, स्लॉट साफ, दुसऱ्या मशीनवर चालणारी कॅसेट लावली आणि तरी काही नाही, तर तो गोळा गेलाय, तिथे सोल्डरिंग करून उपयोग नाही. जॉयस्टिक, अ‍ॅडॉप्टर आणि स्लॉट काढून बाजूला ठेवा, शेजारच्या वाडीतल्या कुणाच्या तरी मशीनला लागतील.