हृदयविकार टाळायचा असेल तर बायकांनो, या चुका टाळा

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, हा समज अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात जगभरात स्त्रियांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच होतात.

"दिवसभर कामातच असते, वेगळा व्यायाम कशाला?"
कामाने दमणूक होते हे खरंच. पण घरातलं बरंचसं काम तुटक असतं; हृदयाचे ठोके वाढून काही वेळ तसेच टिकत नाहीत. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायला हवं. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला.

बाळंतपणानंतर फाइल बंद करणं
ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल किंवा मधुमेह झाला असेल, तर बाळंतपणानंतर आकडे उतरतात आणि सगळे निर्धास्त होतात. पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका मात्र वाढलेलाच राहतो. वीस वर्षांनंतरही ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि रक्तदाब, साखर नियमित तपासत राहा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होतं, वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागतं. तेव्हा तर टाळाटाळ नकोच.

घाईघाईत रक्तदाब मोजणं
जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा खरा नसतो. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. आणि आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

मीठ फक्त ताटातलं मोजणं
दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी हवं. ब्रेड, सॉस आणि पाकीटबंद खाण्यातलंही त्यात धरा.

"दिवसाला एखादीच सिगारेट"
एकीनेही धोका वाढतो. सोबत गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, विशेषतः पस्तिशीनंतर, तर आजच डॉक्टरांशी बोला.

झोप रोज सात तास तरी हवी. घरातले सगळे झोपल्यावर उरलेली कामं उरकायची सवय मोडा.

दुखणं अॅसिडिटीवर ढकलणं
झटका आला की स्त्रियांच्याही छातीत बहुधा दुखतं किंवा दाब जाणवतो. पण कधी जबडा, मान, पाठ दुखते, मळमळतं, धाप लागते, दरदरून घाम येतो किंवा कधी नव्हे इतका थकवा येतो. अशा वेळी हातातलं काम पुरं करत बसू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा.