सावंतवाडी-पिंगुळीत एक दिवस: खेळणी, गंजिफा आणि जुनी भांडी कशी घ्यावीत

गोव्याला चार-पाच दिवस जाणार असाल, तर त्यातला एक दिवस सावंतवाडीला द्या. निघताना गाडीत एक रिकामं खोकं, जुनी वर्तमानपत्रं आणि सुटे पैसे ठेवा. खिशात छोटंसं लोहचुंबक असू द्या. सकाळी लवकर पोहोचा, कारण दुपारी जेवणानंतर कोकणातली बाजारपेठ झोपते आणि चारच्या आत सहसा उठत नाही.

आधी चितारआळी. लाकडी आंबा, काजू, मिरची, वांगं, सीताफळ असं भरलेलं तबक इथे प्रत्येक दुकानात दिसेल. तबकावर भाळण्याआधी एकेक फळ हातात घेऊन उलटं करा. चकचकीत बाजू सगळेच नीट रंगवतात, घाई दिसते ती बुडाशी. देठाची भोकं, सांध्यातला भुसा, पुसट रंग सगळं तिथे सापडतं.

दोन प्रकारचं काम ओळखायला शिका. एक ब्रशने रंगवलेलं. दुसरं लाखेचं: लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. म्हणून लाखेच्या भोवऱ्यावर किंवा लाटण्यावर ब्रशचे फराटे नसतात, रंगाचे पट्टे गोल फिरलेले असतात. तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलासाठी घेत असाल, तर रंग कोणता आहे हे स्पष्ट विचारा. दुकानात बाहेरगावचा मालही असतो. ‘हे इथलंच का?’ असं विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात.

मग राजवाडा. मोती तलावाकाठच्या या वाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार काम करताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा. संच घेताना पानं मोजायला लाजू नका. आणि इथेही उलटी बाजू बघाच. सगळ्या पानांची पाठ एकसारखी हवी, नाहीतर खेळणाऱ्याला पाठीवरूनच पान कळेल! पान रंगवलेलं की छापलेलं, हे मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा, छपाईचे ठिपके लगेच उघडे पडतात. पूर्ण संच महाग असतो, पण कलाकाराशी घासाघीस करू नये असं माझं मत आहे. परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या.

दुपारनंतर पिंगुळी. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलाकार चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सांभाळून आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. गुरांच्या गोठ्यातच त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आधी बघा, खरेदी नंतर. जुन्या चित्रांतल्या रेषा डोळ्यात बसल्या की नव्या चित्रांतलं चांगलं कोणतं हे आपोआप कळतं. नवीन चित्र खुशाल घ्या. चित्रकथीच्या जुन्या पोथीतली सुटी पानं कुणी कुठेही विकायला दाखवली, तर हात लावू नका.

जुनी भांडी सगळ्यात शेवटी, कारण यातच सगळ्यात जास्त फसायला होतं. वाटेत कुठल्याही गावातल्या मोडीच्या (जुन्या भांड्यांच्या) दुकानात घंगाळ, पानाचा डबा, अडकित्ता, समई मिळून जाते. ‘ह्या केवढ्याक?’ विचारण्याआधी लोहचुंबक लावा. चिकटलं, तर आत लोखंड आहे. मग वजन करायला सांगा आणि मोडीचा भाव विचारा. ती रक्कम म्हणजे तळ, त्याच्या वर जे द्याल ते जुनेपणाचं आणि घडणीचं. इथे घासाघीस चालते, किंबहुना अपेक्षितच असते.

खरा वापर ठरावीक जागीच झिजवतो: कडीला, अडकित्त्याच्या बिजागरीला, बुडाच्या काठाला. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो मुद्दाम चढवलेला समजा. समई तर पूर्ण खोलून बघा. मी एकदा न खोलता घेतली. घरी आल्यावर कळलं की वरचा भाग दुसऱ्याच समईचा आहे, आटे जुळावेत म्हणून मध्ये चिंधी गुंडाळलेली. तेल लावलं तसा दांडा डुलायला लागला.

भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव शोधा. लग्नात दिलेल्या भांड्यावर कधीकधी तारीखही असते आणि वयाचा याहून चांगला पुरावा दुकानदाराच्या गप्पांत मिळणार नाही. काही जण नाव घासून टाकतात, तिथे पत्रा पातळ झालेला बोटाला जाणवतो.

एक कायद्याची गोष्ट. 1972च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर नवीनच वस्तू घ्या. ‘देवळातली आहे, शेतात सापडली’ असं सांगून कुणी मूर्ती दाखवली, तर बघायलाही थांबू नका.

परतताना लाखेची खेळणी काचेशी उन्हात ठेवू नका, लाख मऊ होऊन कागद चिकटतो. पितळेला घरी आल्याआल्या चिंच चोळायची घाई नको, आधी साध्या पाण्याने धुऊन बघा. त्यात स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई लागेलच. तेव्हा कल्हईवाला कुठे बसतो हे त्याच मोडवाल्याला विचारून घ्या, शहरात परतल्यावर तो शोधून सापडत नाही.