तिसऱ्यांतला जंतू, काचेवरचे ठिपके

आईने रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणल्या की मला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आठवतो. 1950 साली जपानात ओसाकाच्या अन्नविषबाधेतून सापडलेला हा जंतू मिठावाचून वाढत नाही. आपली खाडी मे महिन्यात खारट, आषाढात गोडी. मीठ बदललं की त्याची कुठली जनुकं जागी होतात, हे मायक्रोॲरेवर, म्हणजे प्रत्येक जनुकासाठी डीएनएचा एकेक ठिपका असलेल्या काचेच्या स्लाइडवर, एकदम दिसतं.

जंतू दोन फ्लास्कमध्ये वाढवा; फरक फक्त मिठाचा. दोन्ही वाढीच्या एकाच टप्प्यावर असताना नमुना घ्या, नाहीतर मिठाऐवजी वयाचा फरक मोजत बसाल.

खरी कसोटी आरएनएची. जंतूंचा एमआरएनए (जाग्या जनुकाची आरएनए-नक्कल) काही मिनिटांत विरतो, म्हणून तिथल्या तिथे आरएनए टिकवणारं द्रावण घाला. चहा नंतर. हातमोजे बदलत राहा. घामातही आरएनए खाणारी एन्झाइमं असतात, आणि आमच्याकडे घामाला काय तोटा! 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेची खूण, 2 च्या आसपास हवं.

सीडीएनएसाठी, म्हणजे आरएनएवरून डीएनए-नक्कल बनवायला, रँडम प्रायमरच (कुठेही चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) घ्या. ऑलिगो-डीटी हा दुसरा प्रायमर पॉली-ए शेपटीला (टोकाची 'ए'ची माळ) चिकटतो, आणि ती जंतूंच्या एमआरएनएला सहसा नसते. पहिल्या खेपेला मी हेच विसरले. स्लाइड अवसेच्या रात्रीसारखी काळी.

एक नमुना साय-3 या हिरव्या दिसणाऱ्या रंगाने, दुसरा साय-5 या लाल दिसणाऱ्या रंगाने रंगवा, दोन्ही एकत्र एकाच स्लाइडवर रात्रभर ठेवा, धुवा, स्कॅन करा. साय-5 ला उजेड आणि ओझोन सोसत नाही. पिवळा ठिपका म्हणजे दोन्हीकडे सारखंच. मग रंगांची अदलाबदल करून पुन्हा, निदान तीन स्वतंत्र वाढींवर. एवढं करूनही ज्या जनुकांत फरक टिकतो, त्यांची क्यूपीसीआरवर (एकेका जनुकाची नक्कल मोजणारी चाचणी) खात्री करा.