कल्पना भन्नाट, पण गोष्ट कुठे आहे? फँटसी लिहायला घेणाऱ्यांनो, या चुका टाळा

नवोदितांचं लिखाण वाचायचं, समासात टिपणं काढायची आणि मग त्यांच्याशी सविस्तर बोलायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातही फँटसी लिहिणारी मंडळी माझ्या विशेष जिव्हाळ्याची, कारण त्यांच्याकडे कल्पनांचा तुटवडा कधीच नसतो. तरीही त्यातल्या बहुतेक कल्पना वहीतच राहतात, आणि कारणं दरवेळी तीच निघतात. ती पाहून जीव तुटतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

जग तयार, पण त्यात माणूसच नाही

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त वर्षं खाणारी चूक ही.

एका कार्यशाळेत एक मुलगी जाडजूड फाइल घेऊन आली. हाताने रंगवलेले नकाशे, दोन चंद्र असलेल्या जगाचं पंचांग, राजघराण्यांच्या वंशावळी, स्वतः तयार केलेली लिपी. काम खरोखर देखणं होतं. मी विचारलं, "यातली गोष्ट काय आहे?"

"ताई, गोष्ट अजून सुरू नाही केली. आधी दक्षिणेकडच्या राज्यांचा इतिहास पूर्ण करायचाय."

हे सगळं कॉलेजात असताना सुरू झालं होतं. आता ती नोकरीला लागली होती, आणि दक्षिणेकडचा इतिहास अजून व्हायचाच होता.

मी फाइल चाळत राहिले. व्यापारी मार्गांच्या पानावर, अगदी कडेला, बारीक अक्षरात एक ओळ होती: 'मिठाच्या पुलावर जकात पैशांत घेत नाहीत. पूल ओलांडणाऱ्याने एक आठवण द्यायची.' मी तिथेच थांबले. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये अंगावर काटा आणणारी ती एकच ओळ होती, आणि तिला समासात ढकललं होतं.

"या पुलावरून रोज कोण जातं?"

"व्यापारी जातात."

"व्यापारी वर्षातून दोनदा जाईल. ज्याला गेल्याशिवाय गत्यंतरच नाही, असं कोण आहे?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सुईण. पलीकडच्या गावांत सुईण नाही."

"मग तिच्याकडे आता किती आठवणी उरल्यात?"

तिने उत्तर दिलं नाही, कागद ओढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दीड पान लिहून झालं होतं. रात्रीची वेळ, पलीकडे एक बाई अडलेली, जकातदार हात पुढे करून उभा. सुईणीने आजवर हलक्याफुलक्या आठवणी देऊन निभावलं होतं: एका शेळीचं नाव, एक पावसाळी दुपार, बहिणीशी झालेलं भांडण. आता दोनच मोठ्या उरल्या होत्या. एक, तिच्या स्वतःच्या मुलीच्या जन्माची. दुसरी, पायाळू मूल कसं हाताळायचं हे आईने शिकवलं त्या रात्रीची. दुसरी दिली, तर पलीकडे जाऊन तिचा काही उपयोग नव्हता.

ती कथा पूर्ण झाली. दोन चंद्र तिच्यात एकाच वाक्यात येतात आणि तेवढे पुरतात. दक्षिणेकडचा इतिहास कुठेही लागला नाही.

माझी सवय सांगते. पहिला प्रसंग लिहून होईपर्यंत जगाविषयीचं टिपण मी एका पानाच्या बाहेर जाऊ देत नाही. आणि त्या पानावरच्या प्रत्येक नियमाखाली एकच प्रश्न लिहिते: याची झळ कोणाला बसते? फायदा कोणाला, हे मी विचारत नाही, कारण ज्याचं सुरळीत चाललंय त्याच्याकडे सांगण्यासारखं सहसा काही नसतं. झळ बसणारा सापडला की त्याला नाव द्यायचं, त्याला आजच्या आज एक निर्णय घ्यायला लावायचा आणि लिहायला बसायचं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण टोल्कीनने तर आधी भाषा बनवल्या होत्या." बनवल्या होत्या, खरं आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टोल्कीन भाषांचे प्राध्यापक होते, तो त्यांचा जन्मभराचा ध्यास होता. पण त्यांच्या 'द हॉबिट' या पुस्तकाची गोष्ट सुरू झाली ती परीक्षेचे पेपर तपासताना, एका कोऱ्या पानावर लिहिलेल्या एका वाक्याने: जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते शोधायला त्यांनी गोष्ट लिहिली. टोल्कीनचं नाव घेऊन वंशावळी रचत बसणाऱ्यांनी हे वाक्यही लक्षात ठेवावं.

जादू फुकट वाटणं

दुसरी चूक माझ्या फार डोक्यात जाते, कारण ती उरलेल्या सगळ्या चांगल्या लिखाणावर पाणी फिरवते. नायक संकटात सापडतो, आता काय होणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि त्याच्या अंगात अचानक एक शक्ती जागी होते. शत्रू भस्मसात, प्रकरण समाप्त. पुढच्या प्रकरणात आणखी मोठं संकट, आणखी मोठी शक्ती. तिसऱ्या प्रकरणापासून वाचक काळजी करणंच सोडून देतो.

खरं तर आपल्याला हे शिकायला लांब जायची गरज नाही. कर्णाचं उदाहरण घ्या. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याच्याकडून कवचकुंडलं मागून नेतो, आणि बदल्यात अमोघ शक्ती देतो. अट अशी की ती एकदाच वापरता येईल. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाला गळ घालतात, आणि नाइलाजाने ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते. घटोत्कच पडल्यावर पांडव शोक करतात आणि कृष्णाला मात्र हर्ष होतो, कारण अर्जुन आता वाचला हे त्याला कळलेलं असतं.

यात जादू किती कमी आहे ते पाहा. एक अस्त्र, एक अट. पण ते मिळवताना अंगावरचं कवच गेलं, वापरताना अर्जुन हातचा गेला, आणि न वापरलं असतं तर सैन्य गेलं असतं. सगळं नाट्य त्या 'एकदाच' मध्ये आहे. आता मनातल्या मनात ती अट काढून टाका. कर्णाकडे अशा हव्या तेवढ्या शक्ती आहेत असं समजा. त्या रात्रीत काही उरतं का?

वेताळाच्या गोष्टीही तशाच. राजा बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. दोन ओळींची ही कोंडी इतकी घट्ट आहे की तिच्यावर अख्खी गोष्टींची माळ उभी राहिली. हिरण्यकशिपूचा वर असाच आधी पूर्ण सांगितला जातो, माणूस नाही, पशू नाही, दिवस नाही, रात्र नाही, आणि मग तो उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला मोडतो. नियम ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असतात म्हणून त्या शेवटाची मजा. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाने हेच नियमाच्या रूपात मांडलंय: जादूने संकट सोडवायचं असेल, तर वाचकाला ती जादू जेवढी कळलेली असेल तेवढंच ते सोडवणं पटतं.

म्हणून माझ्याकडे कोणी जादू घेऊन आलं की मी तीन गोष्टी विचारते. ती वापरणाऱ्याचं काय जातं? ती कुठे चालत नाही? आणि हे दोन्ही वाचकाला कधी कळतं? तिसऱ्याचं उत्तर 'शेवटच्या प्रकरणात' असेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहा. उत्तर 'पहिल्या दोन पानांत' असेल तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

आयत्या कल्पनांचा नाद

हल्ली यंत्राला 'एक फँटसी कल्पना दे' म्हटलं की क्षणात दहा मिळतात. अनाथ मुलगा, हरवलेली तलवार, जागा होणारा ड्रॅगन. मला हा शॉर्टकट अजिबात मान्य नाही. सगळ्यांना पहिल्यांदा जे सुचतं तेच त्यातून बाहेर येतं. शिवाय कल्पनेशी झटापट करताना तुमची जी नजर तयार होणार असते, ती होतच नाही. लेखकाची खरी कमाई ती नजर आहे.

त्याऐवजी असं करून बघा. एक 'असं असतं तर' लिहा. समजा, घरात कोणी खोटं बोललं की त्या घराच्या भिंती बोटभर आत सरकतात. आता पहिला जो प्रसंग सुचेल तो बाजूला ठेवा. तो बहुधा एखाद्या लबाड राजाचा किंवा चोराचा असेल. दुसराही ठेवा. मग विचारा, या घरात खोटं बोलल्याशिवाय कोणाचं चालणारच नाही? मला सुचलं ते असं: एक म्हातारा अंथरुणाला खिळलाय, तो बरा होणार नाही हे बायकोला ठाऊक आहे, आणि तो रोज विचारतो, "मी बरा होईन ना?" ती रोज हो म्हणते. आता खाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती टेकल्यात. त्याला दिसतंय, तरी तो विचारतो. का विचारतो? इथून तुम्ही लिहा.

घाई करू नका. कल्पना मुरायला वेळ घेतात. बर्फाळ रानात छत्री आणि पुड्या घेऊन चाललेला फॉन (वर माणूस, खाली बोकड असा काल्पनिक प्राणी), हे चित्र 'नार्निया'च्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईस यांच्या मनात वयाच्या सोळाव्या वर्षापासून होतं. त्याची गोष्ट करून बघू, असं त्यांना चाळिशीच्या आसपास वाटलं, आणि नार्नियाचं पहिलं पुस्तक आलं १९५० साली. तुमच्या डोक्यात काही वर्षं एखादं चित्र नुसतंच पडून असेल तर ते वाया गेलेलं नाही. ते लिहून ठेवा.

थोडक्यात आणखी काही

नावं. मोठ्याने वाचताना जीभ अडखळली तर नाव बदला. आणि मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नका, वाचकाचा गोंधळ होतो.

हजार वर्षांपूर्वीच्या महायुद्धाची प्रस्तावना काढून टाका. लागेल तेवढं युद्ध पात्रांच्या भांडणातून येईल.

भविष्यवाणीतला 'तो एकच'. त्याने नकार दिला तर काय होईल, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर भविष्यवाणी नको.

आपली कल्पना कोणी चोरेल म्हणून ती कोणाला न दाखवणं. तीच कल्पना दहा जणांना दिली तर दहा वेगळ्या कथा होतात. निर्धास्त दाखवा.

पहिल्याच फटक्यात पाच खंडांची मालिका. आधी दहा पानांची एक कथा शेवटापर्यंत न्या.

तिसऱ्या प्रकरणावर सोडून देणं

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथे चुकीपेक्षा धास्ती जास्त असते.

सुरुवात झोकात होते. मग मधला भाग येतो, वाक्यं बेचव वाटू लागतात, आणि नेमकी तेव्हाच एक नवी, चकचकीत कल्पना सुचते. आधीची बाजूला पडते. अशा अर्धवट कथांचा गठ्ठा घेऊन येणारे लोक मला सांगतात की आपल्यात प्रतिभा नाही. त्यांची पानं वाचली की दिसतं, प्रतिभा भरपूर आहे, त्यांनी फक्त एकदाही 'समाप्त' लिहिलेलं नाही. मधला भाग बेचव वाटणं हे लिहिण्याचाच भाग आहे. मुरलेल्या लेखकांनाही तो चुकत नाही. फरक इतकाच की तो पुढे संपतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

आणि स्वतःच्या पहिल्या खर्ड्याची तुलना छापील पुस्तकाशी करणं थांबवा. टोल्कीननी हॉबिटनंतरची गोष्ट, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला घेतली. तिचे तीन खंड छापून आले १९५४ आणि १९५५ मध्ये. मधल्या काळात कितीतरी वेळा ती अडली, मागे फिरून पुन्हा लिहिली गेली. तुम्ही दुकानातून आणता तो त्या सगळ्याच्या शेवटी उरलेला मजकूर.

नवी कल्पना सुचली तर तिला वहीच्या मागच्या पानावर चार ओळी द्या आणि चालू कथेकडे परत या. अडलात तर शेवटचा प्रसंग आधी लिहा. वाईट लिहा, पण लिहा. शेवट डोळ्यांसमोर असला की मधली वाट सापडते. रोज जमलं तर उत्तम, नाही तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, पण ते मोडायचे नाहीत.

कथा पूर्ण झाली की काही दिवस तिला हात लावू नका. मग मोठ्याने वाचा, आणि नंतर दोन जणांना द्या, त्यातला एक तरी फँटसी न वाचणारा हवा. त्यांना "कशी वाटली?" असं विचारू नका, जवळची माणसं छानच म्हणतात. "कुठे कंटाळा आला? कुठे समजलं नाही? कुठे पुढचं पान घाईने उलटलंत?" एवढंच विचारा आणि त्यांच्या पुढ्यातच प्रतीवर पेन्सिलीने खुणा करा. दोघांची खूण एकाच परिच्छेदावर पडली, तर दुसरा खर्डा तिथून सुरू करा.